पाहुण्यांची बाटली

४ जून

मिरी,

आशीर्वाद मागाहून, आधी कामाचं.

पत्र लिहायला बसले म्हणजे आईनं माघार घेतली, असं मनात आणू नकोस. फोनवर तू ‘हं’, ‘हो’, ‘बरं’ यांच्या पुढे जात नाहीस आणि मी दुसऱ्या वाक्याला आवाज चढवते. कागदावर निदान खोडता येतं. याआधीचे दोन कागद केराच्या टोपलीत गेले. बाबा म्हणाले, “पहिल्या ओळीतच टोमणा आहे.” मी म्हटलं, “बरं, मग दुसऱ्या ओळीत टाकते.”

तर काम असं. गेल्या मंगळवारी आमच्या बाटल्या भरायच्या खोलीवर अन्नखात्याचा तपासनीस आला. उंच, सडपातळ, बगलेत फाइल. आम्ही अकराजणी झाकणं घट्ट करत होतो. त्यानं एक बाटली उचलली, उजेडात धरली आणि लेबल मोठ्यानं वाचलं: ‘रानबेरीचा रस. रक्त शुद्ध करतो, ताकद वाढवतो.’ मग विचारतो, “काकू, हे कशावरून?”

मी म्हटलं, “एकोणतीस वर्षांवरून.”

“वर्षं चालत नाहीत. अहवाल लागतो.”

ऑगस्ट संपायच्या आत प्रयोगशाळेचा कागद दाखवायचा, नाहीतर ती ओळ काढायची. ती ओळ तुझ्या बाबांनी छापखान्यात स्वतःच्या हातानं अक्षरांचे खिळे जुळवून छापली होती, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. आता ती काढायची म्हणजे गावानं म्हणायचं, बघा, लेक म्हणाली होती तेच खरं.

प्रयोगशाळा इतरही आहेत, मला ठाऊक आहे. पण पोटची पोर एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत रानफळांवरच काम करते आणि मी दुसऱ्याच्या दारात बाटली घेऊन उभी राहू? मला ते जमणार नाही. तपासशील तर तूच तपास.

तू चार वर्षांपूर्वी जे केलंस ते मी विसरलेले नाही, हेही सांगून टाकते. पंचविसाव्या वर्षाचा समारंभ, शाळेचं सभागृह, साठ माणसं, मी पहिल्या रांगेत. पाहुणी म्हणून तू उठलीस, कागद उघडलास आणि वाचलंस, “दिलेल्या नमुन्यात साखर आणि पाणी सोडल्यास नोंद घेण्यासारखं काही आढळलं नाही.” मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी जागेवरूनच म्हणाले, “ह्याच साखरपाण्यावर तू वाढलीस.” तू कागदाची घडी घातलीस, पिशवी उचललीस आणि दुपारच्या गाडीनं निघून गेलीस. जेवलीही नाहीस. तुझ्या वाटणीचं ताट संध्याकाळपर्यंत तसंच झाकून होतं.

असो. तपासशील की नाही, तेवढं कळव.

तुझी आई


२२ जून

मिरी,

खोकं पोचलं. नऊ तपकिरी बाटल्या, कापसात गुंडाळलेल्या, आणि सूचनांचा टंकलेला कागद. पत्र नाही. मी खोकं उलटं करून झटकलं, कापूससुद्धा पिंजून पाहिला. चार ओळी लिहायला शाई महाग झाली का गं?

पण खोकं पाठवलंस. मी ते अख्ख्या खोलीला दाखवलं. तुझ्या मावशीनं तर बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, “हुशारीचा वास येतोय.” तिला काहीही वास येतात.

तुझ्या बाबांची चोरीही या निमित्तानं पकडली गेली. मी म्हटलं, हिला पत्ता तर मी जुना घातला होता, मग पत्र पोचलं कसं? तेव्हा कान खाजवत कबूल झाले की पत्ता त्यांनी बदलून घातला, आणि दर रविवारी छापखान्यातून तुला फोन करतात. चार वर्षं! आणि घरी येऊन मला सांगायचे, रविवारी कामाचा फार रेटा असतो. रविवारी बंद असलेल्या छापखान्यात कसला रेटा, हे मला कधी सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मासिकात आलेला तुझा लेख त्यांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्यांना वाटायचं, मला दिसलं नाही, आणि मीही तसंच दाखवलं. मी तो सगळा वाचलाय. कळलेले शब्द तीन: फळ, पाणी आणि तुझं नाव. त्यातला तिसरा पुरेसा होता.

टेकडीवर रानबेरी पिकायला लागली आहे. यंदा झुडपं अशी लगडली आहेत की काटे दिसत नाहीत, फक्त लागतात. सकाळी पाटी भरून आणायची, देठ काढायचे आणि दुपारपर्यंत कोपरापर्यंत जांभळं व्हायचं. काल हात धुताना तू आठवलीस. आठ वर्षांची होतीस, माझ्या शेजारी नळाशी उकिडवी बसायचीस. हातावरचा जांभळा रंग साबण लागला की निळा व्हायचा. तू विचारलंस, “आई, निळा का झाला?” मी म्हटलं, “साबणाला विचार.” आणि तू खरंच साबण घेऊन तासभर बसलीस. लिंबू लावून पाहिलंस, राख लावून पाहिलीस, माझं कोरं फडकं सात रंगांचं केलंस. मी तुला धपाटा घातला होता.

आता लोक विचारतात, तुमची लेक एवढी शिकली ते कोणाच्या वळणावर? मी म्हणते, माझ्या हातांवर. खोटं काही नाही त्यात.

तुझ्या सूचना बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवल्या. बाटली काठोकाठ भरावी. उजेडात ठेवू नये. आणि पाचवी ओळ: ‘नमुना रोज जसा करता तसाच पाठवावा, विशेष काही करू नये.’

या ओळीशी आल्यावर मी त्यांना थांबायला सांगितलं. पातेलं करपतंय म्हणून उठून गेले. पातेलं करपत नव्हतं.

आई


९ जुलै

मिरी,

हे पत्र बाबांनी वाचलेलं नाही. खाडाखोड दिसली तर समजून घे.

त्या समारंभाआधी तू लिहिलं होतंस, “आई, दोन बाटल्या पाठव, मी मोजून आणते.” मला किती आनंद झाला ते तुला कळलं नाही, कारण मी फक्त ‘पाठवते’ एवढंच लिहिलं. मग मी विचारात पडले. तिथे पांढरे कोट घातलेली माणसं, काचेची भांडी, आणि त्यांच्यापुढे माझा घरचा रस? वर सालं तरंगतायत, खाली बोटभर गाळ, रंग काळपट. कोणी म्हणालं असतं, ही हिच्या आईची बाटली, तर तुझी मान खाली गेली असती. निदान मला तसं वाटलं.

म्हणून मी तुला पाहुण्यांची बाटली पाठवली.

पाहुण्यांची बाटली म्हणजे काय ते तुला माहीत आहे. मोठा माणूस येणार असला की आपण वेगळा रस काढतो. तीनदा फडक्यातून गाळायचा, दोनदा उकळायचा, वरचा फेस झाऱ्यानं काढत राहायचं, मधासारखा पारदर्शक झाला की नक्षीच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवायचा. दिसायला असा की पाहत राहावं. तुझ्यासाठी मी तीन दिवस खपले. सालं, बिया, सगळा चोथा नेहमीप्रमाणे मागच्या झुडपांना घातला. मावशी म्हणाली, “ताई, यात रानबेरी राहिली कुठे?” मी म्हटलं, “गप्प बस. तिकडे शिकलेली माणसं आहेत.”

तू जे मोजलंस ते बरोबर मोजलंस. बाटलीत जे नव्हतं ते नाही म्हणालीस.

पुढचं लिहायला जास्त जड जातंय. समारंभाच्या आदल्या दिवशी तू मला फोन केला होतास. “आई, अहवाल मी उद्या वाचत नाही. आपण घरी बोलू.” मला वाटलं, पोर लाजतेय. मी म्हटलं, “वाचायचाच, आणि शब्दन् शब्द वाचायचा. साठ माणसांना मी सांगून बसलेय.” हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं, तू आपल्या मनानं आईला चारचौघांत उघडं पाडलंस.

आणि तू गेल्यावर त्याच संध्याकाळी कपबश्या विसळताना मावशी म्हणाली, “तू तिला पाहुण्यांची बाटली पाठवली होतीस ना? मग पोरीचं काय चुकलं?” मी तिला म्हटलं, “हे या खोलीबाहेर गेलं तर याद राख.” झाकली मूठ सव्वा लाखाची. चार वर्षं मी ती मूठ झाकून बसले. बायका तुला खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणाल्या, आणि मी मान हलवत देठ काढत राहिले. एका वाक्यात त्यांची तोंडं बंद करता आली असती. मी ते वाक्य बोलले नाही, कारण ते बोलले असते तर मूर्ख मी ठरले असते. त्यापेक्षा तू वाईट ठरलेली मला चालली. मिरी, हे लिहिताना मला लाज वाटतेय. खरंच वाटतेय.

परवा मी तुझाच जुना खेळ करून पाहिला. खिडकीत तीन पांढऱ्या वाट्या मांडल्या. एकीत पाहुण्यांची बाटली, एकीत आम्ही विकतो तो रस, एकीत आपल्या घरच्या बरणीतला, सालांसकट, जेमतेम कोमट केलेला. तिन्हीत चिमूटभर खायचा सोडा टाकला. पाहुण्यांचा रस मळकट झाला आणि तसाच बसला. विकायचा रस ओढूनताणून निळसर झाला. आणि घरचा? तुझ्या शाळेच्या दौतीतली शाई आठवते? तसा. मग मी उरलेला चोथा पाण्यात भिजवला, तर तोही विकायच्या रसापेक्षा गडद निळा.

एकोणतीस वर्षं मी माल झुडपांना घातला आणि माणसांना पाणी दिलं. म्हणूनच ती झुडपं एवढी माजली आहेत.

वाटीतला निळा रंग म्हणजे अहवाल नाही, एवढं मला कळतं. म्हणून तिन्ही रस तुझ्या बाटल्यांत भरून पाठवतेय, प्रत्येकाच्या तीन. कोणता कसा केला ते चिठ्ठीवर खरं खरं लिहिलं आहे. आकडा कितीही वाईट आला तरी आहे तसा लिही. आणि माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण बाटल्या परत पाठवू नकोस.

आई


२ ऑगस्ट

मिरी,

तुझं उत्तर नाही. बाबा म्हणतात, मोजायला वेळ लागतो. रविवारी फोनवर तू त्यांना काय सांगितलंस ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोघंही फार शहाण्यासारखे वागतोय.

मी तुझ्या अहवालाची वाट पाहणार होते. चांगला आला की सगळ्यांना सांगायचं, असं ठरवलं होतं. मग वाटलं, चांगला आल्यावर कबूल करण्यात कसली मर्दुमकी? म्हणून काल, हंगाम संपल्यावर सभागृहात आमची बैठक भरते तिथेच उभी राहिले. तेच सभागृह. माणसं त्रेपन्न होती, मी मोजली. सातजण आपल्या सोयीनं आधीच वर गेले.

भाषण मला येत नाही. मी म्हटलं, “चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं इथे एक कागद वाचला. ती वाचणार नव्हती, मी तिला वाचायला लावलं. कागद खरा होता. बाटली खोटी होती, आणि ती मी दिली होती.” मग पाहुण्यांच्या बाटलीचं सगळं सांगितलं. तीन वाट्या मांडून सोडाही टाकून दाखवला. घाईत जरा जास्तच पडला.

ती झाकणवाली आजी, जिला ऐकू कमी येतं आणि जी नको ते बरोबर ऐकते, ती म्हणाली, “मग आम्ही इतकी वर्षं प्यालो काय?”

मी म्हटलं, “साखर, पाणी आणि थोडी माझी घमेंड.”

पहिली हसली ती मावशी. मग सगळीच. तुला ज्यांनी नावं ठेवली होती त्यांतल्या दोघी नंतर माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “पोरगी ताठ आहे हो तुमची.” मी म्हटलं, “ताठच आहे. तिला वाकवायला मी गेले होते, माझीच कंबर धरली.”

लेबलवरची ओळ काढायचं ठरलं. अहवाल काहीही येवो. बाबांनी तो जुना साचा सोडवला, खिळे एकेक करून खणात परत टाकले. मी शेजारी बसले होते. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण तेवढं वाटलं नाही.

आई


२६ ऑगस्ट

माझी मिरी,

अहवाल काल दुपारी आला. हात पुसायचंही भान नव्हतं, पाकिटावर पाचही बोटं उमटली आहेत.

नमुना एक, म्हणजे पाहुण्यांचा: ‘दिलेल्या नमुन्यात साखर आणि पाणी सोडल्यास नोंद घेण्यासारखं काही आढळलं नाही.’ तेच वाक्य. चार वर्षांनी, कानामात्रेचा फरक नाही. अगं, मी एवढी हसले की बाबा छापखान्यातून धावत आले. आणि हसता हसता ऊर भरून आला. मी साठ माणसांत ओरडले, तू चार वर्षं घर सोडलंस, मी एवढं लांबलचक पत्र लिहिलं, तरी माझ्या लेकीनं आईसाठी एक शब्द हलवला नाही. अशी पोर किती जणींना असते? मी हा कागद मांडणीवर लावणार आहे, नमुना एक वर ठेवून.

नमुना दोन, विकायचा: फळातलं सत्त्व अल्प. बरं.

नमुना तीन, घरचा: दुसऱ्याच्या नऊपट. तो आकडा मी दहा वेळा वाचला. खाली तू लिहिलं आहेस की तुमचं एक जांभळं द्रावण असतं, त्यात रस टाकला की ते फिकं पडत पडत पिवळं होतं, आणि जितकं लवकर पिवळं तितका रसात जोर. आपल्या रसानं ते डोळ्यांदेखत पिवळं केलं म्हणे. झाकणवाल्या आजीला मी हे तीनदा ओरडून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आपल्या जांभळ्यानं त्यांचं जांभळं पळवलं.” मला वाटतं तिला बरोबर समजलं.

आणि मग शेवटी, शाईनं, तुझ्या हातानं: “आई, तिसरा नमुना मी स्वतः तीनदा मोजला, कारण विश्वास बसेना. मी आजवर तपासलेल्या रानफळांत हा सगळ्यांत वरचा आहे. चोथा फेकू नकोस. पण म्हणून रोग बरे करतो असं कुठे लिहू नकोस. नळीत जे घडतं ते माणसाच्या अंगात तसंच घडतं, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.”

बाई गं, कौतुक करतानाही तुझी कात्री चालूच! पण ठीक आहे. कात्री आहे म्हणून कौतुकाला किंमत आहे.

त्याच्या खाली एक ओळ आहे, ती मी कोणाला वाचून दाखवली नाही: “शनिवारच्या गाडीनं येतेय. माझं ताट झाकून ठेव.”

नवं लेबल आज छापून झालं. बाबांनी खिळे जुळवले, मजकूर मी सांगितला. त्यांनी एकही टोमणा काढला नाही, कारण या वेळी त्यात नव्हता. असं आहे: ‘रानबेरीचा रस, सालांसकट. तळाशी गाळ दिसेल, तोच खरा माल, हलवून प्या. यात काय आहे आणि काय नाही, ते माझ्या मुलीनं मोजलं आहे.’

तपासनीस सकाळी येऊन गेला. अहवाल पाहिला, लेबल दोनदा वाचलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, “काकू, ही तुमचीच मुलगी, याला पुरावा?”

मी म्हटलं, “शनिवारी या. भांडताना ऐकलंत की खात्री पटेल.”

आता एकच राहिलं. तू आठ वर्षांची असताना मी तुला ‘साबणाला विचार’ म्हटलं, ते चेष्टेनं नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची लाज वाटत होती. सगळं तिथूनच सुरू झालं बघ, तुझं शिक्षण आणि माझी पाहुण्यांची बाटली, दोन्ही. टेकडीच्या सावलीच्या बाजूला शेवटची चार-दोन झुडपं अजून पिकलेली आहेत. शनिवारी सकाळी मी तिथे जाऊन येईन आणि गाडीच्या वेळी तशीच, हात न धुता, नळाशी थांबेन. साबण ठेवला आहे. या वेळी विचारणार मी आहे: मिरी, निळा का होतो गं?

वाट बघतेय,
तुझी आई